चार सत्तांच्या मधला जंजिरा

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. बिंदुसरेच्या काठच्या आमच्या गावापासून कोकणचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी जवळपास तीनशे किलोमीटर लांब. त्यामुळे जंजिऱ्याचा सिद्दी आमच्याकडच्या मुलांना भेटतो तो शाळेच्या पुस्तकात, आणि तोही एखाद्या वाक्यापुरता. शिवाजी महाराजांनी खूप प्रयत्न केले, पण जंजिरा काही हाती आला नाही, एवढेच.

इतिहास शिकवताना मला वर्गात हमखास एक प्रश्न विचारला जातो. सर, एका बाजूला मराठे, दुसरीकडे मोगल, मुंबईत इंग्रज, शेजारी चौलला पोर्तुगीज. मग त्यांच्या मधोमध हा एवढासा सिद्दी टिकला कसा? किल्ला मजबूत होता, असे ठरलेले उत्तर त्यावर दिले जाते. ते खोटे नाही. भरतीच्या लाटा झेलणारी उंच तटबंदी, दूरवर मारा करणारी कलालबांगडीसारखी तोफ आणि खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याचे तलाव हे सगळे तिथे आहे. पण नुसत्या दगडांच्या बळावर कोणी तीनशे वर्षे टिकत नाही. या मूठभर माणसांनी राजकारण कसे केले ते आज मला सांगायचे आहे. आणि त्या राजकारणाचा आमच्या बीडशी संबंध आहे, तोही सांगायचा आहे.

संबंध आहे तो निजामशाहीचा. सोळाव्या शतकात बीड हा निजामशाहीचा मुलूख होता आणि राजपुरीच्या खाडीच्या तोंडावरचे हे बेटही निजामशाहीचेच. त्याच्याही आधी तिथे कोळी होते. समुद्री चाच्यांपासून संरक्षण व्हावे म्हणून त्यांनी मोठमोठे लाकडी ओंडके रोवून मेढेकोट उभारला होता. त्यांचा प्रमुख राम पाटील निजामशाहीच्या अधिकाऱ्यांना दाद देईना. तेव्हा पिरमखान नावाच्या सरदाराने व्यापाऱ्याचे सोंग घेऊन बेटावर प्रवेश मिळवला आणि कोळ्यांना दारू पाजून कोट घेतला, अशी परंपरागत कथा आहे. लाकडी मेढेकोटाच्या जागी दगडी किल्ला झाला तो सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ‘जंजिरा’ हे नाव अरबी ‘जझीरा’ या शब्दावरून आले. त्याचा अर्थ बेट, एवढाच.

सिद्दी म्हणजे हबशी, अर्थात अ‍ॅबिसिनियातून आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेले लोक. अ‍ॅबिसिनिया म्हणजे आजचा इथिओपिया. यातले बरेचसे गुलाम म्हणून विकले जाऊन दख्खनमध्ये आले आणि इथल्या सुलतानांच्या फौजांत अंगच्या गुणांनी वर चढले. मलिक अंबर त्यांच्यापैकीच एक. लहानपणी विकला गेलेला हा मुलगा पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. खडकी हे शहर, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, त्याने वसवले. १६२४ मध्ये भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाहीच्या एकत्र फौजेचा पराभव केला. १६२६ मध्ये तो वारला. ‘हबशी’ हा शब्द आपल्याकडे एखाद्याला हिणवण्यासाठी सर्रास वापरतात. वापरणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे, की मराठवाड्याचे मुख्य शहर एका हबशाने वसवलेले आहे.

१६३६ मध्ये निजामशाही बुडाली. शाहजहान आणि आदिलशहा यांनी तिचा मुलूख वाटून घेतला. बीड आणि धारूर मोगलांकडे गेले. कोकण विजापूरकडे गेले आणि त्याबरोबर जंजिराही. एका घरातली दोन भावंडे दोन घरी दत्तक जावीत तसे हे झाले. मात्र या भावंडांत एक मोठा फरक होता. आम्हाला नवीन धनी नेमून दिला गेला. जंजिऱ्याला धनी बदलण्याची कला पुढच्या काही वर्षांत साधली.

कारण सिद्द्याजवळ विकण्यासारखे काहीतरी होते. त्याच्याजवळ आरमार होते. मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंची गलबते आणि व्यापारी जहाजे सांभाळणारा कोणीतरी मोठ्या सत्तांना हवाच असे. जमिनीवर लाखाची फौज असणारा मोगलही समुद्रावर परावलंबी होता.

हे सगळ्यात स्पष्ट दिसते ते १६७० च्या सुमारास. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याला असा काही फास आवळला, की किल्ल्याचा मुख्य फत्तेखान शरण जायच्या बेताला आला. विजापूरकडून मदत येण्याची आशा नव्हती. तेव्हा संबूल, कासम आणि खैरियत या तीन सिद्द्यांनी आपल्याच मुख्याला कैद केले आणि थेट औरंगजेबाकडे संधान बांधले. बादशहाने त्यांना मनसबी दिल्या, आरमाराच्या खर्चासाठी नेमणूक दिली आणि पुढे ‘याकूतखान’ हा किताबही दिला. धनी बदलला, बेट राहिले. दुसऱ्याच वर्षी, १६७१ च्या शिमग्याच्या रात्री, सिद्द्यांनी समोरच्या किनाऱ्यावरचा दंडा-राजपुरीचा कोटही मराठ्यांकडून परत घेतला.

महाराजांनी जिद्द सोडली नाही. जंजिऱ्याच्या समोर कांसा बेटावर त्यांनी पद्मदुर्ग उभारला. त्या कामाला रसद पोचवण्यात हयगय करणाऱ्या सुभेदाराला त्यांनी १६७५ मध्ये लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. एवढ्या मोठ्या राजाला एका बेटासाठी किती बारीक लक्ष घालावे लागत होते, ते त्यातून कळते. संभाजी महाराजांनी तर १६८२ मध्ये समुद्रात भराव टाकून बेटापर्यंत वाट करायला घेतली होती. पण मोगल फौज कोकणात उतरली आणि ते काम अर्धवट सोडावे लागले. इथे पुन्हा तेच दिसते. जंजिरा वाचला तो तटामुळे, आणि तितकाच कल्याण-भिवंडीत आलेल्या मोगल फौजेमुळे.

इंग्रजांशी सिद्द्याचे नाते आणखी वेगळे. पावसाळ्यात त्याचे आरमार मुंबईत माझगावला मुक्काम करी. इंग्रजांना ते नको असे, पण नाही म्हटले तर मोगल रागावणार आणि हो म्हटले तर मराठे. मग १६८९ मध्ये इंग्रजांचे औरंगजेबाशी बिनसले, तेव्हा याच सिद्द्याने मुंबईवर हल्ला करून माझगाव आणि माहीम घेतले आणि इंग्रजांना त्यांच्या किल्ल्यात कोंडले. शेवटी त्यांना बादशहाची माफी मागावी लागली आणि दीड लाख रुपये दंड भरावा लागला. पुढे दीडशे वर्षांत हिंदुस्थानचे मालक होणारे लोक एका आफ्रिकी वंशाच्या सरदाराने असे अडवून धरले होते!

औरंगजेब गेल्यावर मोगलांचा आधार संपत आला. मग सिद्दी इंग्रजांकडे झुकला. १७३३ मध्ये बाजीराव पेशव्यांनी जंजिऱ्यावर मोहीम काढली, रायगड सिद्द्याकडून परत आला. १७३६ मध्ये चिमाजी आप्पांशी झालेल्या लढाईत सिद्दी सात मारला गेला. तरीही बेट पडले नाही. १७९१ मध्ये तर कमाल झाली. पेशव्यांनी गादीच्या एका वारसाला सुरतेजवळ सचिनची जहागीर देऊन बदल्यात जंजिरा कागदोपत्री मिळवला. पण बेटावर बसलेल्या सिद्दी जोहरने तो कागद मानलाच नाही. सचिनला एक नवे संस्थान झाले, आणि जंजिरा होता तिथेच राहिला.

या टिकाऊपणाचे आणखी एक कारण मला महत्त्वाचे वाटते. बराच काळ जंजिऱ्याची गादी बापाकडून मुलाकडे आपोआप जात नसे. सिद्दी सरदार आपल्यातला कर्ता माणूस पुढे करीत. नालायक वारस सांभाळत बसण्याची चैन अशा छोट्या बेटाला परवडणारी नव्हती.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. टिकला तो सिद्दी, आणि त्याची किंमत मोजली ती किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी आणि हबसाणातल्या कुळांनी. आज सिद्द्याची धाड, उद्या मराठ्यांची. १७३६ च्या तहात तर हबसाणातल्या महालांचा वसूल दोन्ही सरकारांत वाटून घेण्यात आला. म्हणजे शेत एक आणि वसूल करणारे दोन. बीडच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आमच्याकडे निजामाचा अंमल आणि मराठ्यांची चौथाई-सरदेशमुखी अशीच शेजारी शेजारी नांदत होती. १७६३ मध्ये गोदाकाठी राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांनी निजामाचा मोठा पराभव केला, त्या विजयाचा अभिमान आपल्याला आहेच. पण त्या काठावरच्या शेतकऱ्याला दोन धनी होतेच, आधीही आणि नंतरही. मोठ्या सत्तांच्या मधे राहणाऱ्यांचा इतिहास लिहिताना तटाच्या आत कोण होते आणि बाहेर कोण होते, हे पाहिले पाहिजे.

सिद्द्याचे राजकारण संपले कधी? कोणी तट फोडला म्हणून नव्हे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि किनाऱ्यावर एकच मोठी सत्ता उरली, तेव्हा ते संपले. दोघे असतील तरच तिसऱ्याला किंमत असते. १८३४ मध्ये इंग्रजांनी जंजिरा आपला मांडलिक असल्याचे जाहीर केले आणि तिथली टांकसाळ बंद केली. ज्या सिद्द्याने त्यांना मुंबईत कोंडले होते, त्याच्या वंशजांना आता गोऱ्या अधिकाऱ्याच्या सल्ल्याने कारभार करावा लागला.

१९४८ मध्ये जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला हैदराबादचे संस्थान संपले आणि बीडही मोकळे झाले. १६३६ मध्ये फुटलेल्या वाटा तीनशे बारा वर्षांनी पुन्हा एकत्र आल्या आणि १९५६ पासून एकाच राज्याच्या नकाशात आहेत.

वेरूळला जाणारे आमच्याकडचे पुष्कळ लोक खुलताबादवरून जातात. मलिक अंबरची कबर तिथेच आहे. मुरूडला फिरायला जाणारे किल्ला पाहून, मासे खाऊन परततात. जवळच खोकरी गावात सिद्दी सरदारांचे दगडी घुमट उभे आहेत. पुढच्या वेळी दोन्हीकडे थोडा वेळ काढून थांबावे. घर, नाव आणि भाषा सोडून या मातीत आलेली माणसे तिथे झोपली आहेत. त्यांचा इतिहास परक्यांचा म्हणून बाजूला ठेवला, तर आपल्याही इतिहासाची बरीच पाने कोरी राहतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)