जीपच्या हूडाची कुळकथा

खानदेशात कापडी छताची गाडी म्हणजे जीप. मुंबई-पुण्याच्या जुन्या मोटारींच्या मेळाव्यांत मिरवणाऱ्या लांबलचक विलायती गाड्या जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांनी क्वचितच पाहिल्या. इथे घडीचं छत आलं ते तहसीलदाराच्या, गटविकास अधिकाऱ्याच्या, वनखात्याच्या आणि हिवतापाची फवारणी करणाऱ्यांच्या जीपवर बसून. त्याला इथे सगळे हूड म्हणतात. रिक्षाच्या रेक्झिनच्या छतालाही तोच शब्द. गाडीचा पत्रा तीस-चाळीस वर्षं टिकतो, इंजिन दोनदा-तीनदा उतरतं आणि हूड मात्र काही पावसाळ्यांनी बदलावंच लागतं. म्हणून हूडाची कुळकथा सांगायची तर ती दोन पदरांनी सांगावी लागते: हे छत कुठून आलं, आणि ते पुन्हापुन्हा नव्याने शिवणारे हात काय जाणतात. माझं मत स्पष्ट आहे. साध्या जीपचं हूड नीट बसवणं हे कुठल्याही राजेशाही मोटारीचं छत बदलण्याइतकंच कसबाचं काम आहे, आणि त्याची दखल आपण घेतलेली नाही.

हूडाचा जीव कापडात नसून कमानीत असतो. सपाट ताणलेल्या कापडावर पाणी साचतं, वाऱ्याने ते फडफडतं आणि फाटतं. कमानीवरून ओढून घेतलं की तेच कापड पाणी दोन्ही बाजूंना सोडून देतं आणि स्वतःच्याच ताणाने घट्ट उभं राहतं. हे शहाणपण मोटारीच्या आधीचं आहे. खानदेशात सासुरवाशिणीला आणायला जी दमणी, म्हणजे छताची बैलगाडी, जायची, तिच्यावर बांबूच्या कामट्या वाकवून दोन्ही बाजूंना बांधलेल्या असत आणि त्यांवर तट्ट्या, गोणपाट किंवा घोंगडं टाकलेलं असे. अमेरिकेतल्या स्थलांतरितांच्या झाकलेल्या गाड्यांवरही लाकडी कमानी आणि वर जाड सुती कापड हीच रचना. एकाने दुसऱ्याचं पाहून केलं असं नव्हे. ऊन, वारा, पाऊस यांनी दोघांनाही तेच उत्तर दिलं. पण दमणीची कमान घडी होत नव्हती. ती मोडून एका बाजूला पडावी, हवी तेव्हा उभी राहावी, ही युक्ती युरोपातल्या घोडागाड्यांच्या कारागिरांनी मुरवली. लँडो, व्हिक्टोरिया या बग्ग्यांचं छत लोखंडी दांड्यांच्या सांध्यांवर दुमडून निजत असे. ते छत चामड्याचं असे. चामडं महाग, जड आणि सतत तेल मागणारं. वाळलं की घडीवर तडकणारं.

चामड्याची जागा कापडाने घेतली त्यामागे रबर आहे. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये कापडाच्या दोन थरांमध्ये नॅफ्थात विरघळवलेलं रबर भरून पाणी न शिरणारं कापड करण्याचं पेटंट घेतलं. ते कापड थंडीत कडक होई आणि उन्हात चिकट. आपल्याकडच्या मे महिन्यात त्याचं काय झालं असतं ते सांगायला नको. ती अडचण अमेरिकेच्या चार्ल्स गुडइयरने सोडवली. गंधक घालून रबर तापवलं की ते उन्हाथंडीत एकसारखं राहतं, हे त्याला १८३९ मध्ये सापडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोटारींवर जी छतं आली ती याच दोन शोधांवर उभी होती: वर कापड, आत कापड, मध्ये रबर. आजही जुन्या कन्व्हर्टिबल गाड्यांसाठी जे उत्तम कापड मिळतं त्याची रचना हीच असते. फक्त वरचा थर आता ॲक्रिलिकचा असतो, आणि त्यात रंग धागा कातण्याआधीच मिसळलेला असल्यामुळे तो उन्हाने लवकर उडत नाही.

जीपच्या वाट्याला मात्र हे तिपदरी कापड आलंच नाही. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी गाडीची मागणी काढली आणि नमुना सादर करायला अवघे ४९ दिवस दिले. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम कंपनीने कार्ल प्रॉब्स्टच्या आराखड्यावरून गाडी बांधली आणि ती २३ सप्टेंबर १९४० ला लष्कराच्या तळावर चालवत नेली. पुढे तिचं मोठं उत्पादन विलीज आणि फोर्ड यांनी केलं. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप तयार झाल्या. या गाडीत वजन वाचवणं ही पहिली अट होती, आणि शत्रूच्या नजरेत येऊ नये म्हणून उंची कमी ठेवणं ही दुसरी. म्हणून समोरची काच बॉनेटवर पालथी पडते, दारं नाहीत, आणि छत म्हणजे दोन नळीच्या कमानींवर ओढलेलं हिरवट सुती कॅनव्हास. सैन्याकडे तंबूचं कापड होतं, ते शिवणारे हात होते, ते दुरुस्त करायची सवय होती. गाडीचं छत त्याच भांडारातून आलं. जीपचं हूड हे मोटारीच्या घराण्यातलं नसून तंबूच्या घराण्यातलं आहे असं मी म्हणतो ते यामुळेच.

युद्ध संपलं तेव्हा लष्कराला नकोशा झालेल्या गाड्या भारतात विक्रीला निघाल्या आणि डिस्पोजलची जीप हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्याच सुमारास, १९४५ मध्ये, लुधियान्यात महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी निघाली. फाळणीनंतर १९४८ मध्ये तिचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं, आणि मुंबईत विलीजच्या जीपची जोडणी सुरू झाली. पुढे उंच बॉनेटची सीजे-थ्री-बी आली. अमेरिकेत ती बंद पडल्यावरही तिचे वंशज आपल्याकडे कित्येक वर्षं निघत राहिले. १९६२ मध्ये महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, पंचायत समित्यांना गाड्या लागल्या, आणि शिरपूर, साक्री, चोपडा, यावल अशा तालुक्यांच्या कच्च्या रस्त्यांवर कॅनव्हासचं हूड रोजच्या पाहण्यातलं झालं. सातपुड्याच्या पायथ्याला जिथे एसटी थांबायची, तिथून पुढे जीपच जायची.

हूड तंबूच्या घराण्यातलं निघालं ही खानदेशाच्या दृष्टीने सोयीची गोष्ट होती, कारण कापूस हे इथलं घरचं पीक. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, एकोणिसाव्या शतकातच जळगावात कापड गिरणी निघाली आणि पुढे १९०६ मध्ये प्रतापशेठांनी अमळनेरला प्रताप मिल काढली. धुळ्यातही गिरणी चालली. लष्करी तंबूंचं कापड मुख्यतः कानपूरच्या गिरण्यांचं, त्यामुळे खानदेशच्या कापसाचंच हूड झालं असा दावा मी करणार नाही. पण कापसाच्या गाठी, धान्याची पोती, केळीचे ट्रक झाकायला ताडपत्री लागायचीच, आणि ती शिवणारी, तिला कड्या ठोकणारी, ठिगळ लावणारी दुकानं बाजारपेठेला धरून होती. जीपचं हूड फाटलं की गाडी मोटारीच्या कारागिराकडे न जाता त्यांच्याकडे गेली. त्यात नवल काही नाही.

सुती कॅनव्हासचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. कापसाचा तंतू ओला झाला की फुगतो. घट्ट विणलेल्या कापडात तो फुगला की विणीतली भोकं बुजतात आणि पाणी आत यायचं थांबतं. शिवाय ओला सुती धागा कोरड्याहून जास्त मजबूत असतो. कोरडं असताना तेच कापड हवा खेळती ठेवतं. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि पाऊस पडतो वर्षाला साधारण ७०० मिलीमीटर. धुळ्याला त्याहून कमी. म्हणजे इथल्या हूडाचं काम वर्षातले आठ-नऊ महिने सावली देण्याचं आहे. कोकणातलं हूड पावसाशी झुंजतं, खानदेशातलं उन्हाशी. हा फरक लक्षात न घेता कापड निवडलं की पैसे वाया जातात.

ते गेलेही. रेक्झिन स्वस्त, चकचकीत, पुसलं की स्वच्छ, म्हणून कॅनव्हास मागे पडलं. मूळचं रेक्झिन हे इंग्लंडमधल्या एका कंपनीचं नाव. सुती कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा लेप देऊन ते होत असे. आज आपण ज्याला रेक्झिन म्हणतो तो बहुतेक वेळा पीव्हीसीचा लेप असतो. पीव्हीसी ही जळगावला नवी गोष्ट नाही. भवरलाल जैन यांनी १९८० मध्ये पीव्हीसी पाइपांचं उत्पादन सुरू केलं आणि शहराची ओळखच बदलली. पण पाइप आणि हूड यांत एक मोठा भेद आहे. पीव्हीसी मुळात कडक. पाइपाला तो कडकपणा हवाच असतो. त्याचं मऊ कापड करायचं तर तेलासारखी द्रव्यं मिसळावी लागतात. अमेरिकेच्या वाल्डो सेमनने १९२६ मध्ये ही वाट शोधली. उन्हात ती द्रव्यं हळूहळू बाहेर पडतात. कापड पुन्हा कडक होऊ लागतं, आणि पहिला तडा जातो तो घडीवर किंवा कमानीच्या कडेवर. मागच्या पारदर्शक प्लास्टिकच्या खिडकीचंही असंच होतं: आधी पिवळी, मग धुरकट, मग एका दचक्यात फुटते. सावलीत उभ्या राहणाऱ्या गाडीचं रेक्झिन चांगलं टिकतं. पण खानदेशात रिक्षा आणि जीप सावलीत उभ्या राहतात तरी किती वेळ?

आता बदलण्याच्या कामाकडे येतो, कारण खरी विद्या तिथे आहे. जुनं हूड काढलं की ते फेकायचं नसतं. त्याच्या शिवणी उसवून तोच फर्मा म्हणून वापरतात. पण जसाच्या तसा नाही. जुनं कापड वर्षानुवर्षं ताणून वाढलेलं असतं, त्याच मापाने नवं कापलं तर ते पहिल्या दिवसापासून ढिलं. कुठे किती कमी करायचं हे जाणणं हा पहिला अनुभव. दुसरा अनुभव कमानींचा. काळीपिवळी टॅक्सी म्हणून चालून आलेल्या जीपची कमान क्वचितच सरळ असते. कुणी टपावर सामान टाकलेलं असतं, कुणी तिला धरून लोंबकळलेलं असतं. वाकडी कमान सरळ न करता कापड ताणलं की एका कोपऱ्यात सुरकुती आणि दुसऱ्यात फाट. म्हणून चांगला कारागीर आधी वेल्डिंगवाल्याकडे पाठवतो, गंजलेल्या नळीवर फडक्याची किंवा फेल्टची पट्टी गुंडाळून घेतो आणि मगच माप घेतो. नळीच्या कडेवर कापड घासून झिजतं, ते या पट्टीने वाचतं.

ताणण्याचा क्रम ठरलेला आहे. मधली रेघ आखून कापड आधी समोरच्या काचेच्या चौकटीला लावायचं, मग मागे ओढायचं, आणि बाजू सगळ्यात शेवटी. बाजू आधी आवळल्या तर मधली रेघ सरकते आणि मग काही केल्या ती जागेवर येत नाही. टिचबटणं, कड्या, पट्टे जिथे बसतात तिथे कापड दुहेरी किंवा तिहेरी करून ठिगळ आधीच शिवलेलं हवं, कारण वाऱ्याचा सगळा ओढा त्या बोटभर जागेवर येतो. छतावरची शिवण दुमडून चपटी करायची आणि तिचं तोंड मागच्या बाजूला ठेवायचं, म्हणजे पाणी आणि वारा तिच्यात घुसत नाहीत. सुती दोरा पाण्याने फुगून सुईची भोकं भरतो, पण कुजतो. पॉलिस्टरचा कुजत नाही, पण भोकं उघडी राहतात. म्हणून त्यावर मेण फिरवतात.

आणि कापडागणिक हवामानही पाहावं लागतं. रेक्झिन दुपारच्या उन्हात बसवावं. ऊन लागून ते मऊ पडतं, तेव्हा ओढून घेतलं की संध्याकाळी आकसून तबल्याच्या चामड्यासारखं बसतं. सकाळच्या गारव्यात बसवलेलं रेक्झिन दुपारी झोळ देतं. सुती कॅनव्हासचं उलट. ते कापायच्या आधी भिजवून वाळवावं, कारण पहिल्या पाण्याला ते आकसतंच. न भिजवता घट्ट आवळलेलं कॅनव्हास पहिल्या पावसात कड्या उपटतं. इतकी काळजी घेऊनही जाणते कारागीर जूनपर्यंत दोऱ्या थोड्या सैल ठेवतात आणि पाऊस पडून गेल्यावर गाडी पुन्हा बोलावतात.

२०१० मध्ये आलेल्या महिंद्राच्या थार या गाडीवर कॅनव्हासचं छत होतं, आणि २ ऑक्टोबर २०२० ला बाजारात आलेल्या नव्या थारलाही घडीच्या छताचा पर्याय मिळाला. ही गाडी नाशिकला तयार होते, धुळ्याहून रस्त्याने काही तासांच्या अंतरावर. तिचं हूड कारखान्यात मापाने शिवून येतं. बिघडलं तर अख्खं नवं मागवायचं अशी पद्धत. पण खिडकीचं प्लास्टिक फुटलं, चेन अडकली, एक पट्टा तुटला, एवढ्यासाठी अख्खं हूड कोण बदलणार? अशा कामाला नव्या गाडीवाल्यालाही ताडपत्री आणि सीट कव्हर शिवणाऱ्या दुकानाचीच पायरी चढावी लागते. जुनी सीजे-थ्री-बी किंवा डिस्पोजलची जीप जपणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की, तिला रेक्झिन चढवू नका. जाड, घट्ट विणीचं सुती कॅनव्हास घ्या, मातकट किंवा हिरवट रंगाचं, आणि ते भिजवून वाळवायला कारागिराला दोन दिवस जास्त द्या.