सपाट काच, जुनेच चित्र

१९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांच्या वेळी दूरदर्शन रंगीत झाले. त्याच दशकात व्हिडिओकॉन हे नाव पुढे आले. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, पैठण रस्त्यावर चितेगावला त्यांचा कारखाना. त्यामुळे आम्हा मंडळींना तो घरचाच टीव्ही वाटे.

पुढे ‘फ्लॅट’ संच आले. सपाट काचेत खिडकीचा उजेड कमी चमकतो, कडेला बसणाऱ्यालाही चित्र वाकडे दिसत नाही. बस्स, फायदा एवढाच! प्रक्षेपणाच्या ६२५ ओळींपैकी चित्राच्या ५७६ च. काच बदलून त्या कशा वाढणार?

एलसीडीने तर गंमतच केली. स्वस्त संचाच्या ७६८ ओळींवर त्याच ५७६ ओळी ताणायच्या, तेही हलक्या सर्किटने. धावता चेंडू पुसट होई. माझ्या मते दूरदर्शनपुरता जुना डबाच उजवा होता. दुकानात हे कळत नसे, कारण तिथे निवडक चकचकीत चित्रफीत लावलेली. मी ओळखीच्यांना सांगे, साध्या बातम्या लावायला सांगा आणि निवेदिकेचे काळे केस पाहा. बटा वेगळ्या दिसतात, की नुसता काळा गोळा?

२०१८ मध्ये व्हिडिओकॉन नादारीच्या प्रक्रियेत गेली. मग घरच्या संचाला सुटे भाग मिळतील का, हाही प्रश्न किमतीच्या हिशेबात आला.