भरतपूरची बदके आणि गावाच्या म्हशी

१२ नोव्हेंबर १९३८. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो भरतपूरच्या महाराजांचे पाहुणे होते. त्या एका दिवसात तिथल्या पाणथळीवर ४,२७३ पक्षी मारले गेले. हा आकडा कुणा दरबारी स्तुतिपाठकाने फुगवलेला नाही. केवलादेवाच्या मंदिराजवळ दगडावर कोरलेल्या यादीत तो आजही वाचता येतो. तारीख, पाहुण्याचे नाव, बंदुकांची संख्या, पडलेले पक्षी असा एखाद्या हिशेबवहीसारखा तो लेख आहे. आजचा धागा या पाणथळीचा आणि तिच्या वाटेकऱ्यांचा.

मराठी वाचकाला भरतपूर परके नाही. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले, ते याच जाट राज्याशी लढताना. आणि सात वर्षांनी पानिपतावरून विस्कटून परतणाऱ्या मराठ्यांना अन्न, वस्त्र व आसरा दिला तो त्याच राज्याच्या सूरजमलाने. या सूरजमलाच्या काळात गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या पाण्याला आवर घालण्यासाठी अजान बांध उभा राहिला. बांधाखालच्या खोलगट भागात पावसाळ्याचे पाणी साचू लागले, झाडी माजली. त्या दाट झाडीवरून लोक या जागेला ‘घना’ म्हणू लागले.

शिकारीसाठी या जागेची रीतसर बांधणी झाली ती १८९०च्या दशकात. मोरवीच्या राजघराण्यातील हरभामजी यांच्या पुढाकाराने कालवे, पाळी आणि पाण्याची दारे बांधून एकाच पाणथळीचे लहानमोठे कप्पे पाडण्यात आले. १९०२ साली लॉर्ड कर्झनच्या उपस्थितीत पहिली मोठी शिकार झाली. दारूचा बार झाला की थवा एकदम आभाळात उठतो, हे तेरखेड्यासारख्या फटाक्यांच्या गावात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पण इथे उठलेल्या थव्याला उतरायला जागाच उरत नसे. शेजारच्या कप्प्यातही बंदुका रोखलेल्या असत. पाखरे घिरट्या घालत राहत आणि पडत राहत. ४,२७३ हा आकडा नेमबाजीचा जितका आहे तितकाच या स्थापत्याचाही आहे.

आता दुसरी बाजू. शिकारीचे दिवस हिवाळ्यातले, तेही मोजके. उरलेल्या वर्षात भोवतालच्या गावांची गुरे घन्यात चरत. म्हशी पाण्यात उतरून गवत खात. बायका सरपण आणि चारा नेत. हा हक्क नव्हता, दरबाराने चालू दिलेली वहिवाट होती. तिला ‘सहजीवन’ म्हणून गौरवण्याची घाई मी करणार नाही. महाराजांच्या मर्जीवर चालणारी वाटणी ती. पण वाटणी होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकली होती, एवढे मान्य करावेच लागते.

स्वातंत्र्यानंतर ही जमीन कोरडी करून शेतीला द्यावी, अशी मागणी पुढे आली. तेव्हा मध्ये पडले ते मुंबईचे सलीम अली. त्यांनी नेहरूंपर्यंत प्रश्न नेला आणि पाणथळ वाचली. १९५६ साली ती पक्षी अभयारण्य झाली. महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र १९७२ पर्यंत शाबूत राहिला. अभयारण्य जाहीर झालेले आणि त्यातच बंदुकीचा परवाना कायम, अशी ही सोळा वर्षे. आज ती विसंगत वाटते. त्या तडजोडीविना जमीन नांगराखाली गेली असती काय, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

१९८१ साली भरतपूर रामसर यादीत आले, चिल्का सरोवरासह भारतातली पहिली नोंद. पाठोपाठ राष्ट्रीय उद्यान झाले. राष्ट्रीय उद्यानात चराईला थारा नसतो. नोव्हेंबर १९८२ मध्ये गुरांना बंदी झाली, गावकरी जमले, पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मेली. मृतांचे आकडे निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे सापडतात. मेलेल्या बदकांचा आकडा दगडावर कोरलेला आहे आणि मेलेल्या माणसांच्या आकड्यावर मात्र एकमत नाही, ही गोष्ट वाचताना माझा हात थांबला.

बंदीचा आग्रह धरणाऱ्यांत सलीम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी होती. म्हशींमुळे पाणथळ बिघडते, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. याच सोसायटीने १९८०च्या दशकात व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली तिथे दीर्घ अभ्यास केला, आणि निष्कर्ष उलटा निघाला. म्हशी गेल्यावर पास्पालम नावाचे गवत बेसुमार वाढले. उघडे पाणी त्याने झाकून टाकले, मासे आणि पाणपक्षी यांची जागा आक्रसली. ज्या जनावराला शत्रू मानले, तेच पाणी मोकळे ठेवीत होते. आपल्याच संस्थेच्या भूमिकेविरुद्ध जाणारा निष्कर्ष छापण्याचे धैर्य त्या संशोधकांनी दाखवले, याची नोंद इतिहासाने घेतली पाहिजे. पुढे गावकऱ्यांना हाताने गवत कापून नेण्याची मुभा मिळाली. म्हशी परतल्या नाहीत.

सायबेरियन क्रौंच येथे २००२च्या सुमारास शेवटचे दिसले. त्यांच्या ऱ्हासाचे कारण केवळ भरतपुरात शोधता येत नाही. त्यांचा स्थलांतराचा मार्ग अफगाणिस्तानावरून जात असे, आणि तिथे त्या काळात काय चालले होते हे सर्वज्ञात आहे.

नव्या शतकात भांडण गवतावरून पाण्यावर आले. गंभीर नदीवर करौली जिल्ह्यात पांचना धरण झाले. दुष्काळात तिथल्या शेतकऱ्यांनी पक्ष्यांसाठी पाणी सोडायला विरोध केला आणि उद्यान कोरडे पडले. ‘आमच्या पिकाला पाणी नाही आणि तुमच्या पाखरांना द्यायचे?’ हा प्रश्न मराठवाड्यातल्या माणसाला दुरून ऐकल्यासारखा वाटणार नाही. शेवटी गोवर्धन ड्रेन आणि चंबळ यांतून पाणी आणण्याची सोय करावी लागली. सूरजमलाने ज्या पाण्याला बांध घातला, ते आता नळांतून येते.

महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ, नाशिक जिल्ह्यातली नांदूर मध्यमेश्वर, २०२० साली यादीत आली. तीही मानवनिर्मितच, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजांच्या काळात सिंचनासाठी घातलेल्या बंधाऱ्यामुळे ती घडली. तिथे पक्षी पाहायला जाल, तेव्हा दुर्बीण क्षणभर खाली करून काठावर चरणारी गुरे आणि कालव्याची दारेही पाहा.