उदास गाण्याला ठेका मिळाला

‘मिसिंग’ हे काही नाचायला लावणारं गाणं नव्हे. एक बाई गाडीतून उतरते, जुन्या ओळखीच्या गल्लीतून चालत जाते. पण तो माणूस आता तिथं राहत नाही. इतकंच. ‘एव्हरीथिंग बट द गर्ल’ या इंग्रज जोडीचं, म्हणजे ट्रेसी थॉर्न आणि बेन वॉट यांचं हे गाणं १९९४मध्ये आलं, ब्रिटनच्या यादीत ६९व्या क्रमांकापर्यंत कसंबसं पोहोचलं आणि विसरलं गेलं. वॉट नुकताच जीवघेण्या दुखण्यातून उठला होता. त्यात ब्रिटनमधल्या रेकॉर्ड कंपनीनंही दोघांना नारळ दिला.

या गाण्याला ज्यानं वाचवलं, त्या रीमिक्सचं कूळ शोधायला न्यूयॉर्कला जावं लागतं. तिथल्या टॉम मोल्टनला १९७०च्या दशकात एक गोष्ट खटकायची: नाचणारे रंगात येतात न येतात तोच तीन मिनिटांचं गाणं संपतं. म्हणून तो गाणी लांबवू लागला. एकदा स्टुडिओत सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या, तेव्हा मोठ्या तबकडीवर नमुना कापला. खाचा ऐसपैस पसरल्या आणि आवाज दणदणीत आला. बारा इंची तबकडीची सुरुवात ही अशी, अडचणीतून झाली. १९७६मध्ये वॉल्टर गिबन्सनं ‘टेन पर्सेंट’ हे गाणं नऊ मिनिटांच्या वर ताणलं आणि तशी तबकडी पहिल्यांदाच दुकानात विकायला आली. पुढच्याच वर्षी शिकागोत ‘वेअरहाउस’ नावाचा क्लब उघडला. फ्रँकी नकल्स तिथं तबकड्या वाजवायचा. ‘हाउस’ या नाचाच्या संगीताचं नाव तिथलंच.

हाउसचा ठेका सरळ असतो: दर मात्रेला दणका, दोन दणक्यांच्या मधे झांजेची टिचकी. सुरुवातीला आणि शेवटी नुसता ताल ठेवतात, म्हणजे डीजेला एक तबकडी दुसरीत बेमालूम मिसळता येते. रीमिक्स करणारे एरवी मूळ गाण्यातली एखादी ओळ ठेवून बाकीचं फेकून देत. न्यूयॉर्कचा टॉड टेरी तर असल्या चिंध्या जोडण्यासाठीच प्रसिद्ध. पण ‘मिसिंग’च्या वेळी त्यानं थॉर्नचा आवाज जवळजवळ अख्खा ठेवला आणि खालची जमीन तेवढी बदलली. माझ्या मते सगळी करामत इथंच आहे. मुळात हे दुःख एका जागी बसून होतं. आता ते थांबायलाच तयार नव्हतं.

मग वाट उलटी चालली. एरवी गाणं आधी रेडिओवर गाजतं आणि मग क्लबमध्ये जातं. हे क्लबमधून रेडिओवर आलं. इटली-जर्मनीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं, १९९५मध्ये ब्रिटनमध्ये पुन्हा काढल्यावर तिसऱ्या आणि १९९६च्या सुरुवातीला अमेरिकेत दुसऱ्या. अमेरिकेच्या ‘हॉट हंड्रेड’ यादीत ते ५५ आठवडे टिकलं. तेव्हा तो विक्रम होता.

आशा भोसलेंना सलाम करणाऱ्या ‘ब्रिमफुल ऑफ आशा’चंही असंच झालं, जरी ते हाउस नव्हे. ‘कॉर्नरशॉप’ या बँडचं हे गाणं १९९७मध्ये ६०व्या क्रमांकावर अडकलं होतं. डीजे नॉर्मन कुकनं रीमिक्स करताना त्याचा वेग आणि पट्टी चढवली आणि फेब्रुवारी १९९८मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिलं आलं.

गिटार घेऊन बसणारा बेन वॉट पुढे स्वतःच हाउसचा डीजे झाला. २००३मध्ये त्यानं ‘बझिन फ्लाय’ हे लेबल काढलं आणि दुसऱ्यांच्या नाचायच्या तबकड्या छापू लागला.