ध्वनी हेच साधन : १९८०च्या दशकातील पॉप-रॉक गीतांचे एक ऐतिहासिक वाचन

आधुनिक काळाच्या इतिहासलेखनात गीतांना साधन म्हणून मान्यता मिळाली, ती मुख्यतः त्यांच्या शब्दांमुळे. पेशवेकालीन पोवाड्यांच्या बाबतीत हे अपरिहार्यच होते. शाहिराचा आवाज आणि डफाची थाप काळाच्या ओघात विरून गेली. अभ्यासकाच्या हाती उरली ती संहिता. ध्वनिमुद्रित गीताच्या बाबतीत ही अडचण नाही, तरीही संहितेलाच गीत समजण्याची सवय सुटलेली नाही. पाश्चात्त्य पॉप आणि रॉक गीतांच्या शब्दांतून युद्धविरोध, बेकारी, तरुणांचे असमाधान शोधले जाते आणि त्यांचा आवाज मात्र सजावट म्हणून बाजूला ठेवला जातो. वस्तुतः एखादे गीत दोन-चार सेकंद कानी पडताच ‘हे ऐंशीच्या दशकातले’ असे संगीताचे शिक्षण नसलेला श्रोताही सांगू शकतो. ही ओळख शब्दांवरून होत नाही. ती कशावरून होते आणि इतिहासाच्या अभ्यासकाला तिचे मोल काय, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याचे ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ हे गीत या दृष्टीने उत्तम उदाहरण होय. जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतील आपल्या राहत्या घरी, साध्या कॅसेटवर चार मार्ग मुद्रित करणाऱ्या ‘पोर्टास्टुडिओ’ या छोट्या यंत्रावर, स्प्रिंगस्टीनने काही गीते मुद्रित केली. त्यांतील बहुतेक त्याच वर्षी ‘नेब्रास्का’ या संग्रहातून प्रसिद्ध झाली. ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’चे पहिले रूप याच कॅसेटवरचे आहे. ते १९९८ पर्यंत अप्रकाशित राहिले. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या आणि कामासाठी दारोदार फिरणाऱ्या सैनिकाची ही कहाणी. गिटार आणि एकटा आवाज एवढ्यावरच उभे असलेले हे रूप ऐकताना तिचा विषाद लपत नाही. पुढे १९८२ मध्येच न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन या स्टुडिओत संपूर्ण वाद्यवृंदासह तेच गीत पुन्हा मुद्रित झाले आणि १९८४ मध्ये बाजारात आले. त्यात सिंथेसायझरची तुतारीसारखी घुमणारी धून आहे आणि मॅक्स वाइनबर्गच्या ड्रमचा तोफेसारखा आघात आहे. १९ सप्टेंबर १९८४ रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी न्यू जर्सीतील हॅमंटन येथील प्रचारसभेत स्प्रिंगस्टीनच्या गीतांतील आशेच्या संदेशाचा गौरवाने उल्लेख केला. हजारो श्रोतेही हे गीत राष्ट्रगौरवाचे म्हणूनच ऐकत होते.

श्रोत्यांना शब्द कळले नाहीत, असे म्हणून या घटनेची बोळवण केली जाते. हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. कहाणी दोन्ही रूपांत तीच. पालटला तो आवाज, आणि त्याबरोबर गीताचा सार्वजनिक अर्थही पालटला. मग या आवाजाची घडण कशी झाली, हा प्रश्न राजकीय इतिहासाच्या अभ्यासकालाही टाळता येणार नाही.

त्याचे एक मूळ लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत सापडते. सत्तरच्या दशकात ड्रमचा आवाज कोरडा, दबलेला असावा असा संकेत होता. त्यासाठी स्टुडिओच्या भिंतींना गालिचे लावीत. टाउनहाउसमधील एक दालन मात्र दगडी, निनादणारे होते. पीटर गेब्रिएलच्या १९८० साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या संग्रहाच्या मुद्रणासमयी फिल कॉलिन्स तेथे ड्रम वाजवीत होता. वादकांचे बोलणे नियंत्रणकक्षात ऐकू यावे म्हणून छताला टांगलेला मायक्रोफोन ध्वनिमुद्रक ह्यू पॅजम याच्याकडून त्या वेळी सुरू झाला. बोलण्यासाठीच्या या मार्गावर आवाज जबरदस्त दाबून समपातळीवर आणणारे कॉम्प्रेसर बसवलेले होते. त्यातून आलेला ड्रमचा आवाज अवाढव्य होता. त्याला ‘नॉइझ गेट’ची जोड दिली, तेव्हा निनाद फुलताच दार लोटावे तसा तो तुटू लागला. दालन प्रचंड, पण प्रतिध्वनी क्षणात गडप, असा निसर्गात कोठेही न आढळणारा हा ध्वनी होय. १९८१ च्या ‘इन द एअर टुनाइट’ या कॉलिन्सच्या गीतात ड्रम साडेतीन मिनिटांहून अधिक काळ राखून ठेवले आहेत आणि मग हा आघात एकदम येतो. थोड्याच काळात हा परिणाम डिजिटल उपकरणांत तयार मिळू लागला. दगडी दालनाची गरज संपली. कळ दाबली की पुरे. दशकाचा आवाज सार्वत्रिक झाला तो या टप्प्यावर, असे मला वाटते.

यामाहा कंपनीच्या डीएक्स-७ या सिंथेसायझरची कथाही अशीच आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये गवसलेले ध्वनिनिर्मितीचे तत्त्व यामाहाने परवान्याने घेतले आणि १९८३ मध्ये हे वाद्य आणले. त्याची दीड लाखांहून अधिक नगे विकली गेली. त्यावर स्वतःचा ध्वनी घडवणे इतके किचकट होते की बहुसंख्य वादकांनी कारखान्यातून आलेले तयार ध्वनीच वापरले. त्यांतील काचेच्या किणकिणाटासारखा इलेक्ट्रिक पियानो व्हिटनी ह्यूस्टनच्या ‘ग्रेटेस्ट लव्ह ऑफ ऑल’सह असंख्य संथ प्रेमगीतांत ऐकू येतो. हजारो वादकांची अभिरुची एकाच वेळी एकसारखी झाली म्हणून असे घडले नाही; त्यांच्या पुढ्यातील यंत्र एक होते. ‘युगधर्म’ या शब्दाचा वापर करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

यंत्राचे यश आणि आवाजाचे यश मात्र एकच नव्हे. रोलँड कंपनीचे टीआर-८०८ हे तालयंत्र १९८० मध्ये आले आणि सुमारे बारा हजार नगांनंतर १९८३ मध्ये बंद पडले. त्याचे आवाज खऱ्या ड्रमसारखे वाटत नाहीत, ही तक्रार होती. खऱ्या ड्रमचे नमुने वाजवणारे लिन एलएम-१ सुमारे पाच हजार डॉलरला पडे, ८०८ सुमारे बाराशेला. वापरलेले तर त्याहूनही स्वस्त मिळे. ऐपत बेताची असलेल्या तरुण कृष्णवर्णीय संगीतकारांच्या हाती ते अशा रीतीने आले. आफ्रिका बंबाटाचे ‘प्लॅनेट रॉक’ हे गीत १९८२ चे. त्याच वर्षी मार्व्हिन गेसारख्या प्रस्थापित गायकानेही ‘सेक्शुअल हीलिंग’साठी हेच यंत्र निवडले. हिप-हॉपच्या प्रसाराचा इतिहास शब्दांतील विद्रोहापुरता लिहिला, तर ही दुय्यम बाजारपेठ त्यातून निसटते.

आणि यंत्रे केवळ न्यूयॉर्क-लंडनमध्येच पोहोचत होती असेही नाही. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून वावरलेले मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा राग डिस्को तालावर बांधून त्यांची तबकडी काढली. ललित, मधुवंती, कलावती यांसारखे राग त्यात आहेत. तालासाठी टीआर-८०८ आहे आणि खर्जासाठी रोलँडचेच टीबी-३०३. बाजारात तिची फारशी दखल घेतली गेली नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही तबकडी आली आणि त्याच टीबी-३०३ चा पिळवटणारा, चिरकत जाणारा आवाज ‘ॲसिड हाउस’ या नावाने युरोपभर पसरला. २०१० मध्ये चरणजित सिंग यांची तबकडी पुनःप्रकाशित झाली, तेव्हा ऐकणारे चकित झाले : शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईत हा आवाज कसा? कोणी याला भविष्यवेध म्हटले. तसे मानण्याचे कारण दिसत नाही. रागाची स्वरावली यंत्रात भरून ती अखंड फिरवत ठेवली की टीबी-३०३ मधून जे निघायचे तेच निघाले. फरक पडला तो ऐकणाऱ्यांत; शिकागोच्या तबकडीने कान तयार केल्यावरच मुंबईच्या तबकडीत ‘ऐंशीचे दशक’ ऐकू येऊ लागले. चरणजित सिंग यांचे २०१५ मध्ये निधन झाले. तत्पूर्वी, वयाच्या सत्तरीत, युरोपातील रंगमंचांवर हेच राग त्यांनी त्याच यंत्रांवर पुन्हा वाजवले.