विवाहविच्छेद आणि अपत्याचें भरण

नाशिकसारख्या क्षेत्रांतहि घटस्फोटाचे दावे चालूं लागले, ही परकीय कायद्याची करणी होय, असें पुष्कळांस वाटतें. ही समजूत निराधार आहे, हें 'काडीमोड' व 'सोडचिठ्ठी' या जुन्या मराठी शब्दांवरूनच उघड होतें. आमचा प्रश्न निराळा आहे: दांपत्य विभक्त झाल्यावर अपत्याच्या पोषणाचा भार कोणीं वाहावा?

कौटिल्यानें धर्मविवाहांस मोक्ष नाकारिला. एरव्हीं परस्परद्वेषामुळें तो मान्य केला. ही चर्चा अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत आहे. भरणाचा नियम मात्र दुसऱ्या अधिकरणांत, जनपदनिवेशाच्या प्रकरणांत, आढळतो. सामर्थ्य असून अपत्य, पत्नी, मातापितर इत्यादिकांचें पोषण न करणाऱ्यास तेथें १२ पण दंड सांगितला आहे. यावरून आम्ही असें अनुमान करितों कीं, अपत्याचें भरण हें विवाहाच्या टिकण्यावर अवलंबून नसलेलें स्वतंत्र कर्तव्य मानिलें जाई. परंतु दंड राजकोशांत जाणार; त्यानें मुलाचें पोट भरत नाहीं.

ही उणीव इंग्रजी अमलांतील फौजदारी कायद्यानें भरून काढिली. १८९८ च्या संहितेच्या ४८८ व्या कलमान्वयें मॅजिस्ट्रेट पित्यास दरमहा रक्कम देण्याचा हुकूम करी. मात्र त्या रकमेस मर्यादा होती. १९५५ मध्यें ती ५०० रुपये झाली. महाराष्ट्रानें १९९९ मध्यें ती १५०० केली. २००१ मध्यें केंद्रीय दुरुस्तीनें ती अजीबात गेली. म्हणजे ४४ वर्षें धान्य महागलें, शाळेची फी वाढली. मॅजिस्ट्रेटकडून मिळणारा मुलाचा वांटा तेथेंच राहिला.

दिवाणी बाजूस १९४७ मध्यें मुंबई प्रांताच्या घटस्फोट कायद्यानें नाशिक जिल्ह्यांतील हिंदूंस विच्छेदाचा मार्ग मिळाला. पुढें १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याच्या २६ व्या कलमानें मुलांचा ताबा, पोषण व शिक्षण यांचा निर्णय न्यायालयाकडे दिला. १९५६ च्या दत्तक व पोषण कायद्याच्या २० व्या कलमानें भार मातापिता उभयतांवर ठेविला. २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, दोघांनींहि मिळकत व देणीं शपथेवर उघड करावीं. शिक्षणाचा खर्च सामान्यतः पित्यानें सोसावा, व माता पुरेसें मिळवीत असल्यास तो मिळकतीच्या प्रमाणांत वांटावा.

सारांश, कर्तव्य प्राचीनच आहे. माप मात्र पालटलें. पूर्वीं कसूर मोजली जाई, मग ठराविक रुपये. आतां मुलाची गरज व उभयतांची ऐपत मोजावयाची आहे. मूल दोन घरीं आळीपाळीनें राहत असतां तर हें माप अधिकच काटेकोरपणें धरिलें पाहिजे, असें आमचें मत आहे.