सरसर आणि तडतड : व्हॉल्व्हच्या आवाजाचा इतिहास 🧵

१/ तार छेडलेली नसतानाही गिटारचा जुना व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर आवाज करतो. हा बिघाड की यंत्राचा स्वभाव? या प्रश्नाचे उत्तर दूरध्वनीच्या इतिहासात सापडते.

२/ १९१५ मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को दूरध्वनी सुरू झाला. वाटेत क्षीण होणारा आवाज व्हॉल्व्ह वाढवत. पण सोबत खरखरही वाढे.

३/ १९१८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ वॉल्टर शॉट्की यांनी कारण मांडले. व्हॉल्व्हमधील इलेक्ट्रॉन पत्र्यावरील पावसाच्या थेंबांसारखे सुटे सुटे येतात. त्यामुळे निर्दोष व्हॉल्व्हही सरसरतो.

४/ १९२८ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या जॉन्सन यांनी रेझिस्टरमध्ये केवळ उष्णतेमुळे उद्भवणारा आवाज मोजून दाखवला. त्याचे गणित नाइक्विस्ट यांनी मांडले.

५/ हे दोन्ही आवाज अखंड असतात. मधूनच उठणारी तडतड मात्र बिघाडच. १९५० च्या दशकातील ॲम्प्लिफायरमध्ये कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर सर्रास असत. ओलावा, उष्णता आणि वय यांमुळे ते तडतडू लागतात. विशेषतः व्हॉल्व्हच्या प्लेटला जोडलेले, कारण त्यांवर सतत मोठा दाब असतो.

६/ म्हणून कारागीर आधी संशयित व्हॉल्व्ह बदलून पाहतो, मग सॉकेटच्या पिना साफ करतो आणि शेवटी प्लेटच्या रेझिस्टरकडे वळतो. (यंत्र बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले असू शकतात. आत हात जाणकारानेच घालावा.)

७/ तडतड गेली, मंद सरसर उरली, की तो थांबतो. कुठे थांबायचे, हे १९१८ ते १९२८ या दशकाने ठरवून दिले आहे.